व्यासपीठाची उजवी बाजू

खोऱ्यातल्या नव्या सोअर चॅपेलला ओकचं लाकूड परवडत नव्हतं. म्हणून व्यासपीठ पाइनचं झालं आणि त्यावर ओक रंगवायचं काम गेथिन आणि इद्वलकडे आलं. डावी बाजू गेथिनची, उजवी इद्वलची. ओल्या रंगावरून पोलादी फणी ओढून रेषा काढायच्या, अंगठ्याला चिंधी गुंडाळून गाठी उठवायच्या. तिन्ही बाजूंच्या सज्ज्यांतून खाली बघणाऱ्याला तो ओकच वाटला पाहिजे.

"देवाला फसवायचं तर नीट फसवा रे!" म्हातारा सुतार एबेन खालून ओरडायचा. पाइनच्या फळ्या त्यानंच ठोकल्या होत्या.

या कामात गेथिनचा हात धरणारा खोऱ्यात कुणी नव्हता. इद्वल अँगलसी बेटावरून नुकताच आलेला, अबोल माणूस. पण बघायला येणारे डावीकडे नजर टाकून उजवीकडेच थांबत. गेथिनला ते दिसत होतं.

एका दुपारी त्याची बायको लुनेद पाव आणि ताक घेऊन आली. येता येता तीही उजवीकडे वळली. तिनं फळीवर तळहात टेकवला.

"हे आमच्या माहेरचं झाड," ती म्हणाली.

"झाड कसलं? रंग आहे तो," गेथिन म्हणाला.

"ही बघ ना, वीज पडल्याची खूण. मी लहान होते तेव्हाच बाबांनी तोडलं ते." मग ती इद्वलकडे वळली. "तुम्ही कुठं पाहिलंत?"

इद्वल हात पुसत राहिला. "मी काही काढत नाही, बाई. फणी आपली आपणच जाते."

त्यानंतर ती रोज यायची. पाव नवऱ्याच्या हातात, नजर उजवीकडे. चॅपेलभर टर्पेंटाइनचा वास असे. तेवढ्या कोपऱ्यात मात्र ओल्या पानांचा.

"इद्वलसाठी येतेस ना?" शेवटी त्यानं घरी विचारलं.

ती मनापासून हसली. "त्या बिचाऱ्याचं काय घेऊन बसलास!"

आपली बाजू संपवून इद्वल बेटावर परत गेला. लुनेद तरीही येत राहिली. फळीला कान लावून उभी राहायची. गेथिननं हाक मारली की दचकायची, जणू दुसऱ्याच्या घरात कुणी तिला पाहिलंय.

मग एक दिवस ती यायच्या आत त्यानं खरवडणी उचलली.

उजव्या बाजूचा रंग निघाला. खाली पाइनचं पांढुरकं लाकूड नव्हतं. तो खोल खणत गेला. तपकिरी, कठीण, ओलं.

त्यानं एबेनला हाक मारली. म्हाताऱ्यानं त्या जखमेत बोट घातलं, हुंगलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

"मी पाइनच ठोकलं होतं, गेथिन."

हत्यारं गोळा करून म्हातारा निघून गेला.

रविवारी चॅपेलचं उद्घाटन झालं. सज्जे गच्च भरले होते. गेथिन आणि लुनेद अगदी पुढच्या बाकावर बसले होते. खरवडलेली जागा भरून आली होती. जिवंत झाडाची जखम कैक वर्षांनी भरते तशी, कडेनं जाड वळ येऊन.

पाळकांनी प्रार्थना सुरू केली. सगळ्यांनी डोळे मिटले. गेथिननं मिटले नाहीत.

लुनेद कान देऊन ऐकत होती. पाळकांचं नव्हे. तिच्या चेहऱ्यावर लाज होती, नवीन लग्नातली. ती लाज त्याच्या वाट्याला कधी आली नव्हती.

"या ना," ती पुटपुटली.

आणि त्याच्यापासून हलकेच सरकून तिनं मध्ये एका माणसापुरती जागा केली.

बाकाची फळी करकरली. सावकाश खाली वाकली.