अर्धं बोट

मिस्त्रींनी उभ्या आयुष्यात पेन्सिल धरली ती फळीवर खूण करण्यापुरती. चित्रकलेच्या वर्गात त्यांना धाडलं बायकोनं. एकुलती एक लेक गेल्यापासून दोन वर्षं ते नुसते बसून होते. "भिंतीकडेच बघायचं तर निदान कागदाकडे बघा," ती म्हणाली.

शाळेच्या वरच्या मजल्यावर वर्ग भरे. "आधी अख्खा कागद कोळशानं काळा करा," बाई सांगत होत्या. "मग बोटानं घासून एकजीव करा. एक रेघ दिसता कामा नये. मग रबरानं उजेड उचला. चित्र आपसूक वर येईल."

मिस्त्रींच्या उजव्या हाताचं पहिलं बोट करवतीनं अर्धं नेलेलं. "आमचं चित्र जरा तोकडं निघेल हं बाई," ते म्हणाले. वर्ग हसला. लेक गेल्यानंतरची त्यांची ही पहिलीच थट्टा.

समोर टेबलावर पांढरा कप होता. कपाच्या कानाच्या जागी त्यांनी रबर फिरवलं, तर बोटाची पेरं उमटली. चूक झाली असेल म्हणून त्यांनी पुन्हा काळं केलं, घासलं, उचललं. परत तीच पेरं, खाली उघडा तळवा. मनगटावर सलाइनची पट्टी.

"मिस्त्री, कप कुठाय?" बाईंनी विचारलं. मिस्त्रींनी कागदावरच्या करंगळीवर बोट ठेवलं.

करंगळी किंचित आत वळलेली होती. लेकीची लहानपणी दारात चेंगरली तेव्हापासून ती तशीच होती.

कागद गुंडाळून, कोळसा नि रबर खिशात टाकून ते घरी आले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. लेक गेली तेव्हा ते दवाखान्याच्या खालच्या मजल्यावर औषध आणायला गेले होते. शेवटी तिचा हात कोणी धरला होता का, एवढंच त्यांना हवं होतं, आणि बायकोला ते विचारायचा धीर त्यांना कधीच झाला नव्हता. ते घासत राहिले, उचलत राहिले. तळवा तसाच रिकामा.

बायको मागं येऊन उभी राहिली. मग खुर्ची ओढून बसली.

"माझा डोळा लागला होता हो," ती म्हणाली. "सांगायला तोंडच नव्हतं मला. जाग आली तर पोर गेलेली."

मिस्त्रींना भडभडून आलं. म्हणजे कोणीच नव्हतं.

"पण तिच्या हातावर काळे डाग होते. बोटांचे. कोणीतरी घट्ट धरल्यासारखे. नर्सनं पुसले. मला म्हणाली, ही कसली काजळी? मी काय सांगणार? तेव्हा कुठला आलाय आपल्याकडे कोळसा!"

तिनं कागदावरच्या तळव्याकडे पाहिलं.

"त्यातला एक डाग आखूड होता."

मिस्त्रींनी आपला हात पाहिला. मनगटापर्यंत काळा.

ते धडपडत उठले आणि नळाकडे निघाले. तिनं बाही धरली.

"इतक्यात हात धुऊ नका," ती म्हणाली. "ती वाट बघतेय."