डब्यांवरचं दंव

जेवणं आटोपली होती. सिंगापुरातल्या क्लेमेंटीच्या त्या फ्लॅटमध्ये खोल्या भाड्याने घेऊन राहणारे रोहन आणि अश्लेषा घरमालक रवींद्रकाकांसमोर येऊन बसले. काका जहाजावरून चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. गोष्ट सांगायची झाली की आधी पंखा बंद करायला लावायचे. पंखा बंद झाला.

"मध्येच मोबाइल बघायचा नाही," ते म्हणाले. "ही गोष्ट माझ्याबरोबर जहाजावर असलेल्या गुरुप्रसादची. पटली तर ठीक, नाही पटली तर माझं काही अडलेलं नाही."

आणि ते सांगू लागले.

गुरुप्रसादने समुद्र सोडला तो बायकोसाठी. जयवंती तुआसला डबे भरायच्या एका कारखान्यात क्वालिटी बघायची. तिनेच साहेबाच्या मागे लागून याला तिथे मेंटेनन्समध्ये चिकटवला. नारळाच्या दुधाचे डबे. भरून, झाकण बंद होऊन डबा येतो तो उघडाबोडका, नुसता पत्र्याचा. त्याला कागदी लेबलाचा सदरा चढवायचा, हे याच्या मशीनचं काम. साबुदाण्यासारखे गोंदाचे दाणे टाकीत वितळतात. गडगडत आलेल्या डब्याला गोंदाचे ठिपके लागतात, त्यांनी तो लेबलाचं एक टोक उचलतो आणि गडगडतच ते अंगाला गुंडाळून घेतो. दुसऱ्या टोकाला गोंदाची रेघ असते, ते पहिल्यावर बसतं. हे सगळं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच. हा गोंद वाळत नाही, थिजतो. धरायचं ते गरम असेपर्यंतच धरायचं, मागाहून दाबून काही उपयोग नाही.

त्या मार्चमध्ये जयवंती गेली. सकाळी चहाचं आधण ठेवलं, डोकं धरून खाली बसली आणि संपलं. गुरुप्रसाद रडला नाही. लोक म्हणाले, मोठा धीराचा माणूस. धीर कसला डोंबलाचा! माणूस बधिर झाला होता. जेवायचा, पण तिखट की आळणी सांगता यायचं नाही. एकदा गरम इस्त्रीवर हात टेकला, तर वास आला तेव्हा कळलं. मुलगी अनुजा पंधरा वर्षांची. ती बापाकडे बघत राहायची.

"बाबा, यू नेव्हर क्राय. मीन्स यू ओके, ऑर नॉट ओके?"

"ओके," तो म्हणायचा.

ऑगस्टपासून डब्यांची लेबलं सुटायला लागली. माल परत आला. पुन्हा पाठवला, पुन्हा परत आला. साहेब मिस्टर कोह एरवी भला माणूस, पण त्यालाही वरून कुणीतरी विचारणारच ना.

"गुरू आह, मंडे कंटेनर गो. लेबल ड्रॉप अगेन, युअर पास आय ऑल्सो कान्ट हेल्प, ओके?"

कामाचा पास, म्हणजे इथे राहायचा परवाना, गेला की सिंगापूर गेलं. अनुजाची शाळा, तिच्या मैत्रिणी, आईचा हात फिरलेलं घर, सगळं सोडून पोरीने पुण्याला मामाकडे जाऊन राहायचं आणि बापाने परत जहाजावर. या विचाराने छातीत धस्स व्हायला हवं होतं. होत नव्हतं, एवढं मात्र त्याला कळत होतं.

तर ती रात्र. दोन हजार पंचवीस, सात सप्टेंबर, रविवार. भाद्रपदातली पौर्णिमा आणि वर खग्रास ग्रहण. चिनी लोकांचा भुतांचा महिना चालू होता आणि उजाडताच आपला पितृपक्ष लागायचा होता. म्हणजे दोन्हीकडची मंडळी एकदमच बाहेर पडलेली! कारखान्याच्या फाटकाशी कुणीतरी संत्री आणि उदबत्त्या ठेवल्या होत्या. गुरुप्रसादने त्या ओलांडल्या नाहीत, वळसा घालून आत गेला. सकाळची पाळी यायच्या आत मशीन लावून ठेवायचं, एवढंच काम होतं.

त्याने टाकी तापवली. गेल्या महिन्यात सुरू झालेल्या एसी गोदामातून फळ्यांवर रचलेल्या डब्यांचं एक पॅलेट ओढून आणलं आणि थोडे डबे सोडले. लेबलं बसली. अंगठ्याने एक उकलून पाहिलं, तर अलगद हातात आलं, कागदाला ओरखडाही नाही. जोड चांगला असेल तर लेबल सुटत नाही, फाटतं. मग त्याने सगळे करतात तेच केलं, गोंदाची उष्णता वाढवली. धरत नाही ना, मग तापवा अजून! पुन्हा डबे सोडले. पुन्हा तेच. गोंदाच्या तारा निघू लागल्या, करपल्याचा वास सुटला. त्याने आणखी वाढवली.

पाणी पिऊन परत आला, तर उष्णतेचा आकडा उतरलेला.

बटण नीट दाबलं गेलं नसेल, असं त्याला वाटलं. पुन्हा वाढवलं आणि तिथेच उभा राहिला. आकडा उतरला. एकेक करत… कुणी बटण दाबावं तसा. टिक. टिक. टिक.

आता भीती वाटायला हवी, असं त्याच्या मनात आलं. वाटली नाही. त्याने मशीन बंद केलं.

पट्टा थांबला. हॉल चिडीचूप झाला.

आणि मागून आवाज आला. चर्र…

लेबल उकलल्याचा.

तो वळला. तपासणीच्या टेबलापाशी कुणी नव्हतं. टेबलावर मघाचे डबे. एकाचं लेबल उकललेलं. मग दुसऱ्याचं टोक उचललं गेलं. सावकाश. डाव्या बाजूने. जयवंती डावरी होती.

"जयू?"

…

"अनुजा बरी आहे." तो त्या उचललेल्या टोकाकडे बघत म्हणाला. "मी… मी पण…"

चर्र थांबलं.

मग पॅलेटवरचे डबे किणकिणले. धक्का लागल्यासारखे. तो तिकडे गेला. मोबाइलचा दिवा धरला.

डब्यांवर दंव होतं. गोदामातले गार डबे, बाहेरची दमट हवा. सगळे घामेजलेले. आणि त्या ओलीत, पहिल्या डब्यावर, एक पुसलेला ठसा. उपड्या हाताचा. पोराचा ताप बघतात तसा.

दुसऱ्या डब्यावरही.

तिसऱ्यावर तो बघत असतानाच उमटला.

जयवंती पाळी सुरू झाली की आधी हेच करायची. डब्याला हात लावून बघायची. इतक्या आठवड्यांत गुरुप्रसादने आकडे पाहिले, दाब पाहिला, गोंदाच्या नळ्या पाहिल्या. डब्याला हात म्हणून लावला नव्हता.

त्याने हात उपडा केला. चौथ्या डब्यावर ठेवला.

गार. ओलं.

आणि हाताखाली पत्रा नव्हता…

हात होता.

त्याने आपला काढला नाही. किती वेळ, ते त्याला सांगता येत नाही. ग्रहण सुटलं तेव्हा हाताखाली नुसता डबा होता.

मग चूक ध्यानात आली. गोंद गार नव्हताच, डबा गार होता आणि ओला होता. गोंद टेकतो न टेकतो तोच थिजत होता, डब्याला धरायला त्याला सवडच मिळत नव्हती. त्याने डबे मोठ्या पंख्यासमोर पसरले, गारवा जाऊ दिला, हवेच्या नळीने कोरडे केले आणि उष्णता मूळ आकड्यावर ठेवली. लेबल उकललं, तर टरकन फाटलं. सकाळच्या पाळीने तसाच माल काढला. कंटेनर गेला तो परत आला नाही. पास वाचला.

पण सकाळी टेबल आवरताना त्याला एक डबा सापडला. त्यावर लेबल नव्हतंच. पत्र्यावर गोंदाचा एक ठिपका, आणि ठिपक्यात अंगठ्याचा ठसा. रेघ न् रेघ स्पष्ट. उकळत्या पाण्याहून कितीतरी कढत गोंद तो. जिवंत माणसाने अंगठा टेकवला तर कातडी तिथेच राहील. गुरुप्रसादने त्यावर आपला अंगठा ठेवून पाहिला. ठसा लहान होता.

आणि तो रडला. सगळ्या पाळीदेखत, जमिनीवर बसून, हंबरडा फोडून. मिस्टर कोह धावत आला.

"गुरू, वाय यू क्राय? लेबल ओके ऑलरेडी, लाह!"

रवींद्रकाका थांबले.

"काका, तो डबा…" अश्लेषाने हळूच विचारलं.

"त्याच्या घरी आहे. अनुजा शाळेत जाताना त्या ठिपक्यावर अंगठा टेकवून जाते. परवा गेलो होतो, तेव्हा त्याने माझ्या हातात दिला." काकांनी स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. "इतके महिने झाले… गोंद अजून कोमट आहे."