पुतळीच्या गाण्यातली रिकामी जागा

ही ऐकीव गोष्ट नाही. पुंडलिक माझा सख्खा मावसभाऊ. गेल्या पौषात, गुंद गावी, दिवस मावळताना जे झालं ते मी त्याच्या ओट्यावर बसून पाहिलं आहे. पटत नसेल त्याने इथेच थांबावं.

पुंडलिकाची जोयड्याच्या बाजारात मोबाइलची टपरी. तो लोकांना पेनड्राइव्हवर गाणी भरून देतो. पण मागेल ते देणाऱ्यातला तो नव्हे. आधी विचारणार, कधी ऐकणार? गुरं सोडताना ही बाई ऐक. जीप चालवताना ती नको, डुलकी लागेल. गाणं गावं तर बायकांनीच, हे त्याचं ठाम मत.

आणि निघताना प्रत्येकाला सांगायचा, मोठमोठ्या गायिका ऐकल्यास, आता आमची पुतळी ऐक.

पुतळी गुंदचीच. वारून बरीच वर्षं झाली. पौषात मांडावर, म्हणजे गावच्या देवाच्या मोकळ्या अंगणात, बायका समोरासमोर दोन ओळी धरून धालो गातात. एक ओळ विचारते, दुसरी उत्तर देते. उत्तर आल्याशिवाय पहिली ओळ खाली बसत नाही.

पुतळी विचारणारी. तिच्यासमोर उभी राहायची पुंडलिकाची बायको, शांती.

पुतळीचा आवाज कॅसेटवर भरायचा ठरला तेव्हा शांतीही उभी राहिली होती. पुंडलिकाने तिला खाली बसवलं. त्याला एकट्या पुतळीचा आवाज हवा होता.

पुतळी गायली. सवयीने प्रत्येक कडव्यानंतर थांबली. तेवढी जागा रिकामी राहिली.

जाताना ती म्हणाली, "पुंडलिका, शांतीचं उत्तर ऱ्हायलं बघ. मी अजून उभीच हाय."

पुंडलिक हसला होता.

गेल्या पौषात त्याने ती कॅसेट फोनवर उतरवली आणि ओळखीच्या सगळ्यांना पाठवली.

थोड्या दिवसांनी रामनगरच्या ओंकारचा फोन आला.

"अण्णा, पुतळी झ्याक गाती. पण उत्तर देणारी तिच्यापरास भारी. कोण हो ती?"

पुंडलिक म्हणाला, त्यात उत्तर देणारी कुणी नाहीच.

"चेष्टा करताय व्हय? आत्ता ऐकलं की."

मग उळवीहून फोन. तोच प्रश्न.

पुंडलिकाने स्वतःच्या फोनवर लावून पाहिलं. कडवं संपलं. मग... नुसती खरखर.

त्याच दिवसांत शांतीचा आवाज बसू लागला. शेताच्या पल्याडून हाक मारणारी बाई, शेजारी बसलं तरी तिचं बोलणं ऐकू येईना. दवाखान्यात सांगितलं, घसा ठणठणीत आहे.

एका सकाळी ती कशीबशी बोलली.

"अवं, माझा आवाज कोण वापरतंय?"

तिचं ते शेवटचं बोलणं.

त्या संध्याकाळी मी गेलो होतो. शांती ओट्यावर तांदूळ पाखडत होती. शेताच्या पल्याड राहणाऱ्या शेजारणीच्या, अश्विनीच्या घरात कुणीतरी गाणं लावलं.

पुतळी.

कडवं संपलं. सूप थांबलं. शांती उठून उभी राहिली. तिचं तोंड उघडलं, गळ्याची शीर हलली. आवाज... नाही.

आणि अश्विनीच्या घरातून... उत्तर आलं.

शांतीचा आवाज. लग्न होऊन आली तेव्हाचा.

पुंडलिक अनवाणी धावला. ते गाणं अश्विनीच्या फोनवरून पुसून आला. मग घरोघर फिरला, बाजारात फिरला, लोकांच्या हातापाया पडला. पण पुढे गेलेलं गाणं परत कोण आणणार? जिथे कुणी लावेल तिथे पुतळी पुन्हा विचारणार.

शांती आजही बोलत नाही. दिवस मावळताना अंगणात उभी राहते. समोरच्या मोकळ्या जागेकडे बघत.

पुसणं पुंडलिकाने मधेच सोडून दिलं. आता तो ओंकारला फोन करतो. हळूच विचारतो, "हाय न्हवं ते गाणं? पुसू नको बाबा. लावून फोन स्पीकरजवळ धर. तिचा आवाज ऐकू दे."

त्याच्या फोनवर ती जागा अजून रिकामीच आहे.

काल मलाही अनोळखी नंबरावरून एक गाणं आलं. खाली लिहिलंय, जरूर ऐका, दोघी सुरेख गातात.

उघडलेलं नाही.

पुसायला बोट नेलं होतं... तेही झालं नाही.