एकशे अठरा मिलिमीटर

काचेची ती टाकी आम्ही १९९६ सालच्या एप्रिलमधल्या शेवटच्या रविवारी घरी आणली. मुख्तारभाई आमच्या जुईनगरच्या सोसायटीत समोरच्या इमारतीत तळमजल्यावर राहत. टाकी त्यांच्या जिन्याखाली पालथी घालून ठेवलेली होती. दोन फूट लांब, एक फूट रुंद, काच सहा मिलिमीटरची. पुढच्या काचेला खालच्या डाव्या कोपऱ्यातून निघालेला एक तडा होता. तो तिरका वर जाऊन टोकाशी दुभंगला होता.

"झाडं लावा यात," मुख्तारभाई म्हणाले. "मनी प्लांट वगैरे. पानी नका भरू."

"मी दुरुस्त करणार आहे," मी म्हणाले.

त्यांनी मागे वळून पाहिलं. दारात त्यांची बायको, इशरतभाभी, ओल्या हातांनी उभी होती.  ती हात पुसायची थांबली होती.

"तुमी सायन्सवाल्या," मुख्तारभाई हसून म्हणाले. "तुमाला आमी काय सांगनार?"

तळोज्याच्या एका औषध कंपनीत मी क्वालिटी कंट्रोलला आहे. दिवसभर मोजायचं आणि लिहून ठेवायचं, हे माझं काम. त्यामुळे पुढचे आकडे मी आठवून सांगत नाही, वहीतून उतरवते आहे.

टाकी हवी होती ती आमच्या क्रांतीला. ती आठ वर्षांची. वर्षभर तिने माशांचा हट्ट धरला होता. अश्विनने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, टाकी गॅलरीत ठेवली आणि कमरेवर हात ठेवून तड्याकडे पाहिलं.

"हे नीट झालं तर तुला रबाळ्याला आमच्या कारखान्यात मेंटेनन्सला घेतो."

"पगार वाढवून देणार असशील तर येते," मी म्हणाले.

"आई, आधी गप्पी आणायचे," क्रांती म्हणाली. "आणि एक काळा."

काच पुसताना मला तड्याशेजारी बारीक खुणा दिसल्या. काळ्या मार्करच्या तीन आडव्या रेघा, प्रत्येकीपुढे तारीख. तडा वाढतो आहे का ते पाहायला अशा खुणा करतात. नवी तारीख नेहमी पुढे सरकते. इथे उलटं होतं. तीन फेब्रुवारी सगळ्यात वर, टोकाशी. नऊ फेब्रुवारी त्याच्याखाली. चौदा फेब्रुवारी कोपऱ्याजवळ. या तारखांवर विश्वास ठेवायचा, तर तडा मागे मागे गेला होता. पण माझ्यासमोर तो पुरा होता, थेट वरच्या खुणेपर्यंत.

लॅबमध्ये न जुळणारं रीडिंग आलं की आम्ही पहिल्यांदा विचारतो, घेतलं कुणी? मुख्तारभाईंचा पनवेलला टाइल्सचा धंदा. तारखा उलट्या लिहिल्या असतील, असं मी ठरवलं. चिकटवण्याआधी काच स्वच्छ हवी म्हणून कापसाला अ‍ॅसिटोन लावलं आणि तिन्ही खुणा पुसून टाकल्या. वहीत उतरवून घ्याव्यात एवढंही मला सुचलं नाही.

मग मी तड्यावर बटर पेपर धरून तो पेन्सिलीने गिरवला, फाट्यासकट. ओला दोरा तड्यावर वळवून लांबी मोजली. एकशे अठरा मिलिमीटर.

एक मेला सुट्टी होती. सानपाड्याच्या काचवाल्याकडून त्या मापाची पट्टी कापून आणली होती. तड्यावर आतल्या बाजूने सिलिकॉन पसरून पट्टी दाबून बसवली. बाहेरून तड्यात सिलिकॉन ब्लेडने भरलं. सुकताना त्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. दुपारभर तो घरात होता. क्रांती नाक धरून फिरत होती आणि दर दहा मिनिटांनी विचारत होती, "झालं?"

"अठ्ठेचाळीस तास," मी म्हणाले.

गुरुवारी सकाळी, कंपनीची बस यायच्या आधी, मी सहज पाहिलं. वरचा फाटा दिसत नव्हता. दोरा लावला. ब्याण्णव मिलिमीटर.

सिलिकॉन फटीत शिरलं की फट डोळ्यांना कमी दिसते. मी स्वतःला हेच सांगितलं. पण काचेचा अपवर्तनांक दीड आहे, सिलिकॉनचा एक पूर्णांक चार. रेघ पुसट होईल, नाहीशी होणार नाही. हे मला बसमध्ये बसल्यावर आठवलं.

त्याच सकाळी वेणी घालताना क्रांतीने डावा हात छातीशी धरला होता.

"पडलीस का?"

"नाही गं. आतून खाजतंय."

हात सुजलेला नव्हता, लाल नव्हता. मी पावडर लावली.

शुक्रवारी एकेचाळीस मिलिमीटर. मी बाहेरच्या बाजूने नख फिरवून पाहिलं. जिथे तडा होता तिथे नख अडकायला हवं होतं. भरलेल्या सिलिकॉनचा कणही हाताला लागला नाही. काच सपाट आणि थंड होती.

शनिवारी माझी सुट्टी. सकाळी तडा नव्हता. भिंग घेऊन पाहिलं, उन्हाकडे तिरकं धरून पाहिलं. पट्टीमागची काच कारखान्यातून आल्यासारखी अखंड होती. अश्विनने खाली वर्तमानपत्र पसरलं आणि आम्ही बादलीने पाणी भरलं. तासाभराने वर्तमानपत्र कोरडंच.

"मानलं बाई," अश्विन म्हणाला. "चल क्रांती, शेवटचा मग तुझ्या हातचा."

क्रांतीने डाव्या हाताने मग उचलला.

ती ओरडली नाही. तिने मग सोडून दिला आणि माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडं होतं, आवाज येत नव्हता. मग ती खाली बसली.

नेरुळच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढला. डॉक्टरांनी फिल्म दिव्यावर लावली.

"कुठून पडली?"

"पडली नाही."

"मॅडम, हाड असं मोडत नाही. आडवं मोडतं, फार तर पिळवटतं. ही उभी रेघ बघा. मनगटापासून निघून वर कोपराकडे गेली आहे. बांगडी फुटण्याआधी रेघ जाते ना, तशी." त्यांनी बोट वर नेलं. "आणि वर हा फाटा."

अश्विन काहीतरी विचारत होता. मला ऐकू येत नव्हतं. तो फाटा मी पाहिला होता.

हाताला अर्धं प्लास्टर घालून आम्ही दुपारी दोनला घरी आलो. क्रांती निजल्यावर मी फिल्म खिडकीच्या काचेला लावली. वहीतून बटर पेपर काढला आणि तिच्यावर धरला.

एक्स-रेत सावली मूळ वस्तूपेक्षा किंचित मोठी पडते. हे टाळता येत नाही, प्रकाशाचा नियमच तसा आहे. इथे तेवढाही फरक नव्हता. पेन्सिलीची रेघ हाडातल्या रेघेवर बसली आणि रेघ एकच दिसू लागली. फाट्याची दोन्ही टोकंसुद्धा.

अश्विनने माझ्या हातातून कागद घेतला. स्वतः लावून पाहिला. उलटा करून पाहिला. मग कागद माझ्याकडे परत दिला.

"मुख्तारकडे जा," तो म्हणाला. "मी इथे बसतो."

दार इशरतभाभीने उघडलं. मी फिल्म पुढे केली. तिने ती घेतली नाही.

"कुनाला?" तिने विचारलं.

"क्रांतीला. हात."

ती सोफ्याच्या कडेवर बसली. आतल्या खोलीत टीव्हीवर क्रिकेट चालू होतं. तिचा मोठा मुलगा फहाद लोळून पाहत होता.

"फहादचा पाय होता," ती हळू आवाजात म्हणाली. "मुख्तारनी तडा भरला, पांढरा सिमेंट येतो ना, तो. रोज कमी झाला की खूश. निशाण करून ठेवायचे, तारीख टाकून. तुमाला दिसले नाय निशाण?"

"दिसले. मी पुसले."

"पुसले?"

"काच साफ करावी लागते. चिकटवायच्या आधी."

ती माझ्याकडे पाहत राहिली. माझ्याकडे असं कुणी कधी पाहिलं नव्हतं. मूर्ख माणसाकडे पाहतात तसं.

"तुम्ही सांगितलं का नाही?" माझा आवाज चढला.

"काय सांगनार होते? तुमी हसला असता, वहिनी."

मी हसलेच असते.

"मग फोडून का नाही टाकलीत?"

"फोडली तर किती तुकडे होनार? ते सगले तडे कुठं जानार?" तिने आतल्या खोलीकडे पाहिलं. "आमी चौघं हाव घरात."

मी उठले. तिने माझं मनगट धरलं. तिचा हात गार पडला होता.

"भरलेला सगला काढा. आजच. आमी काढला तर फहादचा पाय दुसऱ्या दिवशी बरोबर झाला. पन नखाएवढा पन ठेवू नका त्यात."

साडेतीन वाजता मी टाकीतलं पाणी उपसलं. गॅलरीत ऊन होतं, खालच्या रस्त्यावर कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं. अश्विन दोन्ही हातांनी टाकी धरून बसला. मी ब्लेड पट्टीच्या वरच्या कडेखाली सारलं.

सिलिकॉन रबरासारखं ताणलं गेलं आणि सुटलं.

टिक.

बारीक आवाज झाला, नख तुटल्यासारखा. अखंड काचेत पांढरा फाटा उमटला.

अश्विनचे हात सुटले. "धर," मी म्हणाले. "धरून ठेव."

ब्लेड एक सेंटिमीटर खाली.

टिक.

रेघ माझ्या ब्लेडमागून येत होती. मी काचेला हातही लावत नव्हते. जेवढं सिलिकॉन निघत होतं, तेवढाच तडा.

आत क्रांती जागी झाली. "आई!"

"आले."

"आई, काहीतरी सरकतंय."

ब्लेड खाली. टिक. ब्लेड खाली. टिक. माझं बोट कापलं होतं, ते मला नंतर कळलं.

पट्टी सुटून हातात आली.

"आई," क्रांती म्हणाली, आणि तिचा आवाज नेहमीचा होता. "मला भूक लागली."

सोमवारी पुन्हा एक्स-रे काढला. हाड स्वच्छ होतं. डॉक्टरांनी दोन्ही फिल्म शेजारी शेजारी लावल्या, नावं तपासली, टेक्निशियनला बोलावून झापलं. फिल्मची अदलाबदल झाली असं ते म्हणाले. आम्ही मान हलवली. प्लास्टर कापताना क्रांती गुदगुल्या झाल्यासारखी हसत होती, आणि अश्विन तोंड फिरवून भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत होता.

त्या संध्याकाळी मी टाकीच्या तड्यावर दोरा लावला. खरं तर गरज नव्हती.

एकशे सात.

पुन्हा मोजलं. पाच वेळा मोजलं, दोरा बदलून. एकशे सात. फाटा जागेवर होता, वळणं जागेवर होती. पण तडा आता कोपऱ्यातून निघत नव्हता. कडेपासून अकरा मिलिमीटर काच कोरी होती आणि मग तडा अचानक सुरू होत होता. काचेला तडा असा मधूनच सुरू होत नाही.

कोपऱ्यात माझं सिलिकॉन टाकीच्या मूळच्या जोडात एकजीव झालं होतं, ते राहिलं असेल असं मला वाटलं. पुढच्या शनिवारी मी पाचही काचा सुट्या केल्या. प्रत्येक कड खरवडली, भिंगाखाली पाहिली, अ‍ॅसिटोनने धुतली. सिलिकॉनचा कणही उरला नाही. मग दोरा लावला.

एकशे सात.

काचा मी चादरीत गुंडाळून पलंगाखाली सपाट ठेवल्या. त्यानंतर रोज क्रांतीला आंघोळ घालताना मी तिचं एकेक हाड दाबून पाहत होते. बोटं, बरगड्या, टाच. "दुखतं?" "नाही." "खाजतं?" "नाही गं आई, गुदगुल्या होतात." अश्विनच्या मनगटांवरूनही हात फिरवून पाहिला.  तो हात पुढे करी.

महिना गेला. शाळा सुरू झाली. मी रात्री नीट झोपू लागले.

काल संध्याकाळी मी तिची चित्रकलेची वही चाळत होते. पहिल्या पानावर घर. दुसऱ्यावर मांजर. तिसऱ्यावर झेंडा. तिन्ही पानांवर मधोमध, चित्रावरून गेलेली एक छोटी तिरकी रेघ होती, पेन्सिलीने काळजीपूर्वक काढलेली.

"चित्रं खोडलीस का?"

"खोडली नाहीत. ती रेघ असतेच ना तिथे."

"कुठे?"

"सगळीकडे." तिने मान वर केली. "भिंतीवर. फळ्यावर. टीचरवर."

मी माझा तळवा तिच्या डाव्या डोळ्यावर ठेवला. "आता?"

"आहे."

मग उजव्यावर ठेवला.

"गेली," ती म्हणाली.

मी हात काढला. खिडकीतून उजेड येत होता. तिचं बुबुळ काळंभोर आणि स्वच्छ होतं, त्यात मी दिसत होते. माणसाच्या बुबुळाची रुंदी साधारण अकरा मिलिमीटर असते.

"आता माझ्याकडे पाहताना दिसते?"

"हो."

"केवढी?"

तिने डोकं जराही न हलवता नीट पाहिलं, मी तिला मोजायला शिकवलं आहे तसं. मग बोट माझ्या कपाळावर ठेवलं आणि हळूहळू खाली आणलं.

"काल इथे, नाकापर्यंत होती," क्रांती म्हणाली. "आज ओठापर्यंत आलीये."