काचेवरचं कुंकू

“हे… कुंकू आहे?”

खांद्यामागून आवाज आला आणि मी कॅमेरा झटकन ओढणीखाली घेतला. ठाण्याच्या नौपाड्यातल्या कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या त्या इवल्याशा दुकानात दोनच माणसं वाट बघत होती. एक मी आणि दुसरा हा, आगाऊ.

“तुम्हाला काय करायचंय?”

“काही नाही… कॅमेऱ्याला कुंकू पहिल्यांदाच बघतोय, म्हणून विचारलं.”

काय सांगणार? दसऱ्याला आमच्या डोंबिवलीच्या घरी स्कूटर, लॅपटॉप, मिक्सर, सगळ्यांची पूजा होते. यंदा माझ्या नव्याकोऱ्या कॅमेऱ्याचीही झाली. आईला हळदकुंकू लावायला समोर छान गोल, चकचकीत काच दिसली. तिने बोट ओलं करून लेन्सवर असं सुबक स्वस्तिक काढलं की तिच्या हाताचं कौतुकच वाटावं! वर अक्षता. त्यातला एक दाणा कुठल्या फटीत गेला देव जाणे, पण तेव्हापासून लेन्स फिरवली की आत कर्र वाजत होतं.

त्याला हे सांगता सांगता मलाच हसू फुटलं. तोही हसला. हसला की त्याचा एक डोळा जरा जास्त बारीक व्हायचा… हे मी कशाला बघत होते कोण जाणे.

“पहिलाच कॅमेरा?” त्याने विचारलं.

“हो.”

“आणि एवढी मोठी लेन्स! कितीला पडलं सगळं?”

मी आकडा सांगितला. त्याने शीळ घातली.

“आमच्या कळव्यात एवढ्यात नवी स्कूटर येते, वर पेट्रोलपण. अहो, साधा कॅमेरा घ्यायचा, सेकंडहँड चालला असता. एक छोटी लेन्स. उरलेल्या पैशात वर्षभर हिंडून फोटो काढले असते ना!”

“म्हणजे नवशिक्याने चांगलं काही घ्यायचंच नाही?”

“घ्या ना. पण आधी कळू तर दे, आपल्याला काढायचंय काय. पक्षी, लग्न, की स्टेटसला टाकायची कॉफी?”

शोरूममध्ये मला हे कुणी विचारलंच नव्हतं. मी बोनसच्या आनंदात गेले, त्यांनी सगळ्यात महागाचं पुढे ठेवलं आणि मी घेऊन आले. पण हे त्याला कबूल करायला माझं काय अडलं होतं?

“आणि तुम्ही काय घेऊन आलात दुरुस्तीला?” मी विषय उलटवला.

त्याने रुमालातून एक बुटकी, काळी लेन्स काढली. आतल्या काचेवर पांढरं जाळं पसरलं होतं. बुरशी!

“सुरुवातीला घेतलेली. तेव्हा ऐपत नव्हती, तरी घेतली. मग खराब होईल म्हणून वापरायचीच भीती. आईच्या शालीत गुंडाळून कपाटात ठेवलेली. पावसाळ्यात दमट हवेने काम केलं.”

“म्हणजे मी कुंकू आणलं आणि तुम्ही बुरशी. माझं निदान मंगल तरी आहे.”

तो इतक्या जोरात हसला की आतून दुरुस्ती करणाऱ्या काकांनी डोकं बाहेर काढलं. त्याचं नाव सुशांत. फोटोग्राफर होता, म्हणजे अगदी पोट भरायला फोटो काढणारा. मी उर्वी, बँकेतली, असं सांगितलं. मग गप्पांच्या भरात माझं खरं दुखणंही सांगून टाकलं.

“चुलतबहिणीचा साखरपुडा आहे. संचिताचा. काकांनी फोटोग्राफर ठरवला होता, पण माझा कॅमेरा बघितला आणि म्हणाले, घरात एवढी मोठी नळी असताना बाहेरचा माणूस कशाला? त्याला नको म्हणून सांगून टाकलं. आता मी काढायचे फोटो. आणि मला… खरं सांगू? मला काहीही येत नाही. पूजेच्या आदल्या दिवशी आईबाबांचा काढला. आईच्या नथीतला मोती स्पष्ट, बाबा अख्खे धूसर.”

त्याचं हसू एकदम थांबलं.

“तुळशीच्या लग्नानंतरचा रविवार? कल्याणला?”

“हो! तुम्हाला कसं कळलं?”

“सगळे तेव्हाच करतात,” तो लेन्स पुन्हा रुमालात गुंडाळत म्हणाला. बराच वेळ गुंडाळत होता. मग म्हणाला, “या रविवारी सकाळी उपवनला येता? तलावावर. शिकवतो.”

मी गेले. का गेले? संचितासाठी, असं मी स्वतःला सांगितलं. ती माझी सख्ख्या बहिणीहून जवळची. तिचा साखरपुडा पुन्हा थोडाच होणार होता! फोटो बिघडले तर ती मला काही बोलली नसती, आणि तेच मला सहन झालं नसतं.

उपवनला कोवळं ऊन होतं. पाण्यात बदकं, काठावर चालायला आलेली वर्तकनगरची आजी-आजोबा मंडळी. सुशांतने माझी मोठी लेन्स बाजूला ठेवली आणि स्वतःच्या कॅमेऱ्यावरची एक छोटीशी, स्वस्तातली लेन्स मला लावून दिली. दोघांचे कॅमेरे एकाच कंपनीचे निघाले, हे आमचं नशीब.

“सगळे स्पष्ट यायला हवेत ना? मग काच थोडी मिटायची. लांबची पाटी वाचताना आपण डोळे बारीक करतो, तसंच.”

“आणि मिटली नाही तर?”

“तर नथीतला मोती.”

“कोपर अंगाला चिकटवा,” तो म्हणाला. हात माझ्या कोपरापर्यंत आला… आणि थांबला. त्याने नुसता कॅमेऱ्याचा पट्टा बोटाने हलवला. “असं.”

मला उगाचच गरम व्हायला लागलं. एक बदक ऐन वेळी वळलं, मी घाईत बटण दाबलं आणि त्याचा फक्त मागचा भाग आला. “सॉरी हं,” मी म्हणाले.

“मला?”

“बदकाला.”

तो माझ्याकडे नुसता बघत राहिला.

मग दर रविवारी उपवन ठरूनच गेलं आणि बघता बघता दिवाळी आली. “पहाटे फडके रोडला भेटू,” असा त्याचा मेसेज आला. आता डोंबिवलीत दिवाळीच्या सकाळी तरुण मंडळी नटूनथटून फडके रोडला कुणाला बघायला जातात, हे अख्ख्या डोंबिवलीला ठाऊक आहे! आई दारात रांगोळी काढत होती. माझी पैठणी बघून म्हणाली, “फोटो काढायला चाललीस की काढून घ्यायला?”

“सराव आहे गं आई!”

“हो का? मग गजरा माळून जा. सराव चांगला होईल.”

तो निळ्या कुर्त्यात आला होता. गर्दीत मला शोधत होता आणि मी मुद्दाम ओ दिली नाही. कॅमेरा डोळ्याला लावून त्यालाच बघत राहिले. सापडले तेव्हा त्याचा एक डोळा तसाच बारीक झाला आणि माझ्या बोटाने बटण आपोआप दाबलं. मी काढलेला तो पहिला बरा फोटो. त्याला मात्र दाखवला नाही.

“इथे बिनधास्त काढा. सगळे त्यासाठीच आलेत,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “तुम्हीसुद्धा का?”

“मी सरावाला आलेय.”

“मीसुद्धा,” तो म्हणाला, “मी पण सरावालाच.” आणि दोघंही भलतीकडेच बघायला लागलो.

साखरपुड्याच्या दिवशी तिथे राहाल का, असं मी त्याला विचारलं. आधी नको म्हणाला. माझा चेहरा बघून हो म्हणाला, पण एक विचित्र अट घातली. “मी दाराजवळ उभा राहणार. स्टेजकडे येणार नाही.” मला वाटलं, लाजतोय.

…आणि मग मी घातला तो घोळ.

घरून निघताना सुशांतने वापरायला दिलेली ती छोटी लेन्स पिशवीत ठेवत होते, तेवढ्यात सीतारामकाकांचा, संचिताच्या बाबांचा फोन. “उर्वी, ती मोठी नळी लावूनच ये हं. मुलाकडची मंडळी बघणार आहेत. जरा छाप पडली पाहिजे.” आई म्हणाली, “खरंच आहे की. एवढे पैसे घातलेत, दिसू दे चारचौघांत.” मीही बावळट! पाहुण्यांत मिरवायची हौस मलाही होतीच. मोठी लेन्स लावली. छोटी कपाटातच राहिली.

हॉल बऱ्यापैकी छोटा निघाला. मी कॅमेरा डोळ्याला लावला तर समोर फक्त संचिताचा कान! मागे सरकले. कान आणि झुमका. आणखी मागे सरकले तर पाठ भिंतीला टेकली आणि पुढे मावशा, आत्या, अंबाडे. गुरुजींचं आटपत आलं. ताटातली अंगठी कुणीतरी उचलली. आता रडूच येणार, असं वाटलं आणि मी मान वर करून दाराकडे पाहिलं.

त्याने एका नजरेत ओळखलं. दाराजवळ राहणार होता ना, तो गर्दीतून वाट काढत थेट माझ्यापाशी आला. त्याने स्वतःच्या कॅमेऱ्यावरची लेन्स काढली, तीच शालीतली, बुरशीवाली, आता साफ झालेली.

“ही लावा. कडेला एक डाग राहिलाय, घाबरू नका.”

“आणि तुम्ही कशाने काढणार?”

“मी बघतो नुसता.”

इतक्यात स्टेजजवळून काकांचा आवाज आला. “अरेच्चा! सुशांत, तुम्ही? तुम्हाला तर मीच फोटोंना नको म्हणून कळवलं होतं ना?”

मी लेन्स फिरवता फिरवता गोठले. तुळशीच्या लग्नानंतरचा रविवार. दाराजवळ उभा राहणार. सगळं एका क्षणात कळलं. मी ज्याची ऑर्डर घालवली, त्याच्याचकडे जाऊन रडले होते. आणि त्याने मला शिकवलं होतं!

“तुम्ही मला सांगितलं का नाही—”

“उर्वी,” तो हळूच म्हणाला. पहिल्यांदाच नुसतं उर्वी. “आधी अंगठी. भांडण नंतर. कोपर अंगाला चिकटव.”

चिकटवलं. काच मिटली. संचिताचा हात पुढे आला, अंगठी बोटाच्या पेरावर अडली, मुलाने घाबरून तिच्याकडे पाहिलं आणि ती खुदकन हसली. मी दाबलं. दाबत राहिले. तो माझ्या मागे उभा होता आणि मला एकदाही मागे वळून बघावं लागलं नाही.

जेवणं झाल्यावर काकांनी कॅमेऱ्याभोवती माणसं गोळा केली. मला बघवेना. मी खुर्चीच्या पाठीमागे तोंड लपवून बसले. तेवढ्यात संचिता ओरडली, “अगं उर्वी! सगळे आलेत! आजीसुद्धा आलीय मागे!”

मी धावत गेले. हसणारी संचिता, घाबरलेला तिचा नवरदेव, अडलेली अंगठी, मागे टाळ्या वाजवणारी आजी. सगळे स्पष्ट. कडेला त्या डागामुळे किंचित धुकं होतं, तेसुद्धा छानच दिसत होतं. माझ्या तोंडून एवढा मोठा सुस्कारा सुटला की मुलाकडच्या आत्याबाई दचकल्या. कितीतरी दिवसांत मला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

“चूक माझीच झाली हो,” काका सुशांतला म्हणाले. “कॅमेरा बघून मी माणूस बदलला. लग्नाचे फोटो तुम्हीच काढायचे.”

“काढतो. पण एकटा नाही,” तो म्हणाला आणि माझ्याकडे बघितलंही नाही.

मी त्याला हॉलच्या पायऱ्यांवर गाठलं. मट्ठ्याचा पेला हातात घेऊन बसला होता. मी शेजारी बसले. भांडायचं होतं, पण धड सुरुवात होईना.

“राग नाही आला माझा?”

“आलेला की! म्हटलं, बघू तरी ही कोण बया, जिच्या कॅमेऱ्यापायी माझी ऑर्डर गेली. म्हणून उपवनला बोलावलं. मग तू बदकाला सॉरी म्हणालीस.” त्याने पेला खाली ठेवला. “संपला ना राग तिथेच. मग सांगायचं धाडस होईना. वाटलं, कळलं की तू लाजून यायचीच थांबशील. आणि मला तर रविवारची सवय लागलेली.”

“फक्त रविवारची?”

“…नाही.”

आत बँडवाल्यांनी सामान आवरायला घेतलं होतं. मी मांडीवरच्या कॅमेऱ्याकडे बघितलं. “विकून टाकू का हा? तू म्हणतोस तसा साधा घेते एखादा.”

“आता कशाला? आता वापरतेस ना तू. महाग वस्तू घेतली यात चूक नसते गं. भीतीपोटी तिला हात न लावता कपाटात ठेवली की वाया जाते. मी ठेवलेली, बुरशी आली.” तो बोलता बोलता थांबला. त्याचा हात पायरीवर माझ्या हाताशेजारी होता, मध्ये जेमतेम बोटभर जागा. उपवनला थांबला होता, तसाच थांबला होता.

“सुशांत, तू अजून घाबरतोस?”

“खूप.”

“मग पुन्हा बुरशी येईल हं,” मी म्हणाले, आणि त्याचा हात मीच धरला.

तेवढ्यात मागून आई आली, हातात हळदकुंकवाची कोयरी घेऊन. आम्ही हात सोडायच्या आत तिने सगळं पाहिलं होतं. तिने वाकून सुशांतच्या कपाळाला कुंकू लावलं, मग माझ्या. आणि मग बोट पुन्हा कुंकवात बुडवून कॅमेऱ्याकडे वळवलं.

“आई, नको!” मी ओरडले.

“थांबा काकू,” सुशांतने खिशातून लेन्सचं टोपण काढून काचेवर बसवलं आणि कॅमेरा दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. “हां. आता लावा.”