मनगट नसलेल्या हाताची रजा

पडद्यावर राणीचा चेहरा अर्धाच उमटला होता. डावी भुवई झाली होती, उजवी बाकी होती. रेषायंत्राने चाळिसावी रेषा ओढली.

थांबा. एक मिनिट चाळीस सेकंद.

एकेचाळिसावी रेषा.

"पहिल्या आठवड्यात अकरा सेकंद थांबायचं," डॉ. अय्याज बागवान म्हणाले. वज्रमूठ गेम्सच्या बाणेरच्या प्रयोगशाळेत हे यंत्र त्यांनीच घडवलं होतं. "दर चाळीस रेषांनंतर. थांबणं वाढतच चाललंय. या वेगाने महिनाअखेर ते पेन उचलणारच नाही."

"बिघाड आहे तो," निर्मितीप्रमुख शैलेंद्र कर्णिक म्हणाले. "गेम तीन आठवड्यांत बाजारात जातोय. दोनशे बारा चेहरे बाकी. म्हणून मॅडमना बोलावलंय."

मॅडम म्हणजे हेमांगी तोरसकर. सावंतवाडीची. सहा वर्षं तिने घरी बसून या कंपनीसाठी राण्या, राक्षस, कोळी, सरदार रंगवले. चौदा महिन्यांपूर्वी एका ओळीचा मेसेज आला: यापुढे आपली गरज नाही. मग गेमच्या जाहिरातीत तिने न काढलेली राणी दिसली, आणि त्या राणीची हनुवटी तिच्याच हातची होती. तिने कलाहक्क लवादाकडे तक्रार केली. सुनावणी सोमवारी होती. कंपनीचं उत्तर एका वाक्याचं: यंत्र हजारो चित्रांवर शिकलं आहे, त्यात कोणा एकाचा हात नाही. हा हात आपला आहे हे हेमांगीला सिद्ध करायचं होतं, आणि तिच्याकडे पुरावा नव्हता.

यंत्र पुन्हा थांबलं. हेमांगीचा उजवा हात आपोआप बाजूला गेला, काहीतरी शोधल्यासारखा.

"तांब्या," ती म्हणाली.

"काय?"

"फ्रीजमधल्या पाण्याने भरलेला तांब्या असायचा माझ्या टेबलावर. चाळीसेक रेषा झाल्या की मनगट पेटायचं. मी ते तांब्याला टेकवायची. गार होईपर्यंत." ती बागवानांकडे वळली. "याला मनगट आहे का हो, डॉक्टर?"

"नाही."

"मग हे काय टेकवतंय?"

"यंत्र चित्र बघून शिकलेलं नाही, हेमांगीताई," बागवान म्हणाले. "रेषानोंदीवरून शिकलंय. तुम्ही ज्या प्रणालीत काढायचात ती प्रत्येक रेषेचा दाब, वेग, वेळ टिपायची. खोडलेलं सुद्धा. आणि थांबणंही."

"मला न सांगता?"

"बागवान," कर्णिक म्हणाले, "पुरे."

"करारात पूर्ण झालेली चित्रं कंपनीची, एवढंच होतं," हेमांगीचा आवाज चढला. "खोडलेल्या रेषा मी तुम्हाला कधी विकल्या? माझं दुखणं कधी विकलं?"

"थांबणं कापून टाका ना मग!" कर्णिक बागवानांवर खेकसले.

"टाकलं कापून. बघा." बागवानांनी दुसरा चेहरा दाखवला. डोळे जागेवर, नाक जागेवर, आणि चेहरा मढ्याचा. "यंत्र प्रत्येक रेषा आधीच्या रेषांवरून ठरवतं. त्या थांबण्यात ताई चित्राकडे बघत होत्या. ते काढलं की पुढची रेषा चुकते. आणि शेवटच्या वर्षी यांचं दुखणं वाढत होतं. यंत्र ती वाढही शिकलं. ते यांचाच हात पुढे चालवतंय, जिथे तो निघाला होता तिथे."

थांबा. एक मिनिट एकेचाळीस सेकंद.

"मॅडम, आपण व्यवहारी माणसं," कर्णिकांनी खुर्ची जवळ ओढली. "दोनशे बारा चेहरे काढून द्या. जुन्याच दराने. तक्रार मागे घ्या."

"नाव?"

"श्रेयनामावलीत जागा नाही."

"रविवारची सुट्टी? शुक्रवारी संध्याकाळी सहाला बदल पाठवता आणि सोमवारी नऊला चित्र मागता."

कर्णिक हसले. "फ्रीलान्सर ना तुम्ही? स्वतंत्र! सुट्टी घ्यायला कोणी अडवलं होतं?"

हेमांगी उठली. "हात बरा झालाय माझा. चौदा महिने लागले. तुम्हाला नाही देणार."

"एक शक्यता आहे," बागवान नोंदींचा आलेख चाळत म्हणाले. "इथे बघा. चार दिवसांचा खंड. त्यानंतर थांबणं पुन्हा अकरा सेकंदांवर आलंय."

"बहिणीचं लग्न होतं," हेमांगी म्हणाली. "त्या चार दिवसांसाठी यांनी पूर्ण महिन्याचा दर कमी केला होता."

"म्हणजे विश्रांतीनंतर हात सुधारतो, हेही यंत्राला ठाऊक आहे. त्याला सुट्टी दिली तर..."

"घड्याळ पुढे करून फसवा त्याला," कर्णिक म्हणाले.

"घड्याळ त्याच्या शिकण्यातच मुरलंय. ते बदलायचं तर पुन्हा शिकवावं लागेल. दोन महिने."

कर्णिकांनी दोन सेकंदही घेतले नाहीत. "द्या मग सुट्टी! आत्ता चार दिवस. नंतर रोज आठच तास. रविवार बंद. शुक्रवारी सहानंतर त्याला कोणी बदल पाठवायचे नाहीत. ऐकलंत?"

हेमांगी हसली. ते हसू बघून बागवानांनी मान खाली घातली. सहा वर्षं तिने हेच मागितलं होतं, हात जोडून, प्रत्येक मेलच्या शेवटी 'कृपया' लिहून. लोखंडाच्या पेटीला ते न मागता मिळालं.

"यंत्र बंद ठेवायचं तर लेखी आदेश दारावर लावावा लागतो," बागवान म्हणाले. "कारण काय लिहू, सर?"

"जे आहे ते लिहा. हाताला विश्रांती. आणा, सही करतो."

बागवानांनी आदेश लिहिला, कर्णिकांनी न वाचताच सही केली. बागवानांनी कागद दारावर लावला. नीट, सरळ, डोळ्यांच्या उंचीवर. मग ते दारातून बाजूला झाले. हेमांगीने मोबाइल काढला.

सोमवारी लवादापुढे कंपनीच्या वकिलांनी तीनशे पानं ठेवली. हेमांगीने एक.

अध्यक्षबाईंनी ती मोठ्याने वाचली: "'हाताच्या दुखण्यामुळे रेषायंत्रास चार दिवस पूर्ण विश्रांती. त्यानंतर रोज आठ तास काम, दर रविवारी सुट्टी. दर चाळीस रेषांनंतरच्या अकरा सेकंदांच्या विरामास कोणीही हात लावू नये.' सही, शैलेंद्र कर्णिक." त्यांनी चष्मा काढला. "यंत्राचा हात दुखतो?"

"नाही... म्हणजे तसं नाही, मॅडम," कर्णिक उभे राहत म्हणाले.

"मग हा कोणाचा हात, कर्णिक?"

थांबा. अकरा सेकंद.

बारा.

तेरा.