कणगीतली शीळ

“साप हाय!” गेनू दोन पावलं मागं सरकला.

“साप शीळ घालत नाहीत,” अंजना म्हणाली आणि तीन पावलं मागं सरकली.

भाताच्या कणगीतून बारीक, चिरकी शीळ येत होती. मामींनी घूस समजून पिंजरासुद्धा लावला होता! आणि त्याच कणगीला टेकून गेनूचे वडील, म्हणजे अंजनाचे रखमाजीमामा, निवांत तंबाखू मळत बसले होते. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं.

चौऱ्याहत्तर सालच्या दिवाळीच्या सुट्टीत अंजना भोरहून मामांकडे आली होती. मामा पानशेतच्या पाण्यावर होडी चालवत. पलीकडच्या काठावरून हाक आली की होडी न्यायची, हे त्यांचं काम. पण वर्षापूर्वी कान गेले. आठ दिवसांपूर्वी पुण्याच्या डॉक्टरांनी यंत्र दिलं. खिशात साबणाच्या वडीएवढी डबी आणि तिच्यातून कानापर्यंत वायर. ते यंत्रही लगेच हरवलं! “पाण्यात पडलं,” मामा म्हणाले. परवा ठकुबाई तापानं फणफणलेलं लेकरू घेऊन पलीकडे दोन तास ओरडत होती. सरपंच साहेबराव गरजले, “आणखी एक हाक चुकली की होडी दुसऱ्याला!”

मामा उठून बाहेर गेले तशी अंजनानं कणगीत हात खुपसला. भातातून डबी निघाली. चालूच होती! कानात घालायचं बोंड डबीला टेकलं की ती शीळ घालायची. लपवणाऱ्याला ते कळायचं, तर आधी ऐकू यायला हवं होतं.

“आबांनीच लपीवलं!” गेनूचा चेहरा उतरला. “पन का?”

अंजनाला ते माहीत होतं. मामा पहिल्यांदा यंत्र लावून पारावर गेले, तेव्हा माणसं म्हणाली होती, “रखमाजी, बातम्या लावा की!” “कानाला दावं बांधलंय व्हय?” सगळे हसले. अंजनाही हसली. वर्षभरानं मामांना नीट ऐकू आलेला पहिला आवाज तो होता.

तिनं पदराला नाही, फ्रॉकलाच डबी पुसली.

“यंत्र चांगलं हाय. दिसतंय वंगाळ,” गेनू म्हणाला.

“मग ते चांगलं दिसेल असं करू.”

“रंग लावायचा?”

“यंत्राला नाही. गावाला!”

डबी बंद करून त्यांनी जागच्या जागी ठेवली. संध्याकाळी दोघं पारावर हजर! खिशात चांदीचा कागद चढवलेली काडेपेटी, तिच्यातून कानापर्यंत लाल वायर.

“ह्ये काय सोंग?” सरपंचांनी विचारलं.

“कंप्युटर,” अंजना गंभीरपणे म्हणाली. “अंगावर घालायचा. भोरला शिकलेली माणसं याच्याशिवाय बाहेर पडत नाहीत.”

“करतो काय ह्यो?”

“ते शिकलेल्यांनाच कळतं.”

सरपंचांनी लगेच मान डोलावली. त्यांना कळलं होतं!

दोन दिवसांत गावात चांदीचा कागद मिळेनासा झाला. तरणी पोरं विडीच्या पुड्यांना वायरी लावून हिंडू लागली. साहेबरावांनी चकचकीत साबणदाणी खिशाला लावली आणि दोन्ही कानांत बुचं बसवली. एक कान पदाला शोभला नसता.

मामा सगळं बघत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी गुपचूप डबी काढली, कानाला लावली आणि काठावर गेले. कुणी हसलं नाही. उलट एकानं कीव केली, “रखमाजी, साधाच घेतला व्हय?”

सरपंच तपासणीला उभेच होते. वारा सुटला होता. पलीकडे एक ठिपका हलला. “होऽऽ...”

मामा पाठमोरे, दोर गुंडाळत होते.

“बोट दाखवू?” गेनू कुजबुजला.

“नको! त्यांचं त्यांना ऐकू दे!” अंजनानं त्याचा हात घट्ट धरला.

पुन्हा हाक आली. मामांचे हात थांबले. ते वळले.

“ठकुबाई हाय,” ते म्हणाले आणि होडी पाण्यात लोटली.

“कुठं? मला तर काय बी ऐकू आलं न्हाई!” सरपंच म्हणाले.

ठकुबाई उतरली ती हसतच. लेकराचा ताप गेला होता. “दुसऱ्या हाकंला होडी निघाली बगा!”

मग मात्र अंजनानं काडेपेटीपासून सगळं सांगून टाकलं. “मामा, त्या दिवशी मीही हसले होते.”

“ठावं हाय. ऐकलं म्या.” मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “आता मुसमुसतीस, त्ये बी ऐकतोय. पूस डोळं.”

“लई शानी गं माजी बाय!” ठकुबाईनं तिच्यावरून बोटं मोडली.

सरपंचांनी बुचं उपटली, तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि सगळा काठ दणाणून सोडला, “रखमाजीऽऽ! होडी तुमचीच! पोरं लई हुशाऽऽर!”

“सरपंच,” मामा हळूच म्हणाले, “वरडू नगा. ऐकू येतंय मला.”